रिपोर्टमध्ये 'बॉर्डरलाइन' आलंय, मग पिशवी काढायची का?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांच्या गावात रेंज घरातून अंगणात आल्यावरच येते, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतेय. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

गेल्या महिन्यात एक व्हॉइस नोट आली. बीड जिल्ह्यातलीच मुलगी, वय २६, तीन वर्षांची एक लेक. मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि ही दबक्या आवाजात बोलतेय. "ताई, डाव्या बाजूची गाठ काढली माझी. रिपोर्टमध्ये सीरस बॉर्डरलाइन ट्यूमर लिहिलंय. सासूबाई म्हणतात, पिशवीच काढून टाक, पुन्हा कटकट नको. दसरा झाला की आम्हाला कारखान्यावर जायचंय. हा कॅन्सर आहे का?" तिला विचारूनच हे सांगतेय. नाव-गाव सांगणार नाही.

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारी बाई आहे. त्यामुळे तिच्या रिपोर्टवर निर्णय द्यायचा माझा अधिकार नाही. पण हा शब्द नेमका काय सांगतो, आणि तो वाचून घाबरून काय करायचं नाही, एवढं नक्की सांगता येतं.

सासूबाईंवर लगेच रागावू नका. त्यांची स्वतःची पिशवी ३२व्या वर्षी काढलेली आहे. आपल्या जिल्ह्यात हे काय प्रकरण आहे ते तुम्हाला माहीत असेलच, पण आकडे एकदा डोळ्यांखालून घाला. २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात साधारण तीन आहे.

कारणं सगळी ऊसाच्या फडातली आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, एक दिवस काम चुकलं तर खाडा. पाळीत कोपीत पाण्याची सोय नाही, संडास नाही. अंगावरून पांढरं जायला लागलं, पोट दुखायला लागलं की डॉक्टरकडे जायचं आणि तिथं ऐकायचं, "पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल." हे वाक्य कितीतरी बायकांनी पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना सांगितलेलं आहे. माझ्या एका मावशीनंही ऐकलंय. तिच्याकडे ना बायोप्सीचा कागद आहे ना काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट. नुसता टाक्यांचा व्रण आहे.

म्हणून इथं 'कॅन्सर होईल' हे नुसतं भय नसून चालू नाणं आहे. आणि 'बॉर्डरलाइन' हा शब्द नेमका त्या भयाच्या दारात येऊन बसतो.

आधी एक गोंधळ मिटवू. पिशवी म्हणजे गर्भाशय. बॉर्डरलाइन ट्यूमर होतो तो अंडाशयाला, म्हणजे ओव्हरीला, काही जण बीजकोष म्हणतात त्याला. गर्भाशय मध्ये असतं, ओव्हऱ्या त्याच्या दोन बाजूंना, मोठ्या बदामाएवढ्या. गर्भाशयात बाळ वाढतं आणि पाळीचं रक्त तिथून येतं. ओव्हरीतून बीज बाहेर पडतं आणि बाईच्या शरीरातली इस्ट्रोजेनसारखी हार्मोन्स बनतात. ओव्हरीवर गाठ आहे म्हणून फक्त गर्भाशय काढलं, तर गाठीवर काहीच उपचार झाला नाही. आणि 'सगळंच काढून टाका' म्हणून कमी वयात दोन्ही ओव्हऱ्याही काढल्या, तर तिशीतच पाळी कायमची थांबते. अंगाच्या वाफा, झोप उडणं, पुढं हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं, हे सगळं वीस वर्षं लवकर येतं. कोयता चालवणाऱ्या बाईची हाडं ठिसूळ होणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आता मुख्य शब्द. ओव्हरीच्या गाठींचे आपण सहसा दोन कप्पे करतो, साधी गाठ आणि कॅन्सर. पण मायक्रोस्कोपखाली काही गाठी दोन्हीत बसत नाहीत. त्यांच्या पेशी साध्या गाठीपेक्षा जास्त वाढतात, थोड्या वेड्यावाकड्या दिसतात, थरावर थर चढवतात. तरीही कॅन्सरचं जे मुख्य लक्षण, म्हणजे आजूबाजूच्या ऊतीत मुळं घुसवून ती उद्ध्वस्त करणं, ते त्या करत नाहीत. आमच्या कामात कोड कंपाइल करताना एरर आली की काम थांबतं, वॉर्निंग आली तर काम चालतं पण ती ओळ नीट बघावी लागते. बॉर्डरलाइन म्हणजे साधारण वॉर्निंग. फक्त आम्ही इंजिनिअर वॉर्निंगकडे सर्रास दुर्लक्ष करतो, इथं तसं चालत नाही.

ही मधली जात काही नवी नाही. अमेरिकेतल्या हॉवर्ड टेलर या डॉक्टरांनी १९२९ मध्येच लिहिलं होतं की ओव्हरीच्या काही गाठी दिसायला भयंकर असतात, पण त्यांच्या पेशंट वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात. पुढं १९७१ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनं आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हा वेगळा गट मान्य केला. त्यामुळे जुन्या डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये 'लो मॅलिग्नंट पोटेन्शियल' आणि काही नव्या रिपोर्टमध्ये 'एटिपिकल प्रोलिफरेटिव्ह ट्यूमर' असंही दिसेल. वस्तू तीच.

ओव्हरीच्या आवरणातून होणाऱ्या कॅन्सर आणि बॉर्डरलाइन गाठी एकत्र मोजल्या, तर शंभरातल्या साधारण दहा ते वीस बॉर्डरलाइन निघतात. आणि त्या तुलनेनं तरुण बायकांत दिसतात, साधारण एक तृतीयांश पेशंट चाळिशीच्या आतल्या. म्हणजे अजून मूल हवंय, किंवा लग्नच व्हायचंय, अशा मुलींच्या हातात हा कागद येतो.

प्रकार मुख्य दोन. सीरस, ज्यात पातळ पाण्यासारखा द्रव असतो. ही गाठ साधारण तीनपैकी एका बाईत दोन्ही बाजूंना असते. दुसरा म्युसिनस, ज्यात चिकट बुळबुळीत द्रव असतो. ही बहुधा एकाच बाजूला असते, पण प्रचंड मोठी होऊ शकते. पोट पुढं आलं म्हणून दिवस गेलेत असं घरच्यांना वाटतं आणि सोनोग्राफीत गाठ निघते. म्युसिनस गाठ दोन्ही बाजूंना दिसली तर डॉक्टर आतडं आणि अपेंडिक्सही तपासतात, कारण मूळ आजार तिथला असून ओव्हरीत पसरलेला असू शकतो.

लक्षणं फसवी. पोट गच्च वाटणं, ओटीपोटात जडपणा, घेर वाढणं, वारंवार लघवीला जाणं. गॅस म्हणून सोडून देण्यासारखीच सगळी. बऱ्याच जणींना तर काहीच होत नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ सापडते.

सोनोग्राफीत गाठीच्या आतल्या भिंतीवर कोंबासारखे उंचवटे दिसले, किंवा घट्ट भाग दिसला, तर शंका घेतात. गरज वाटली तर एमआरआय. रक्तात सीए-१२५ ही तपासणी करतात, आणि इथं मला जरा थांबायचंय, कारण या एका आकड्यानं खूप घरांत रडारड होते. सीए-१२५ वाढलं म्हणजे कॅन्सर, असं समीकरण नाही. पाळी चालू असताना ते वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, गरोदरपणात वाढतं. आणि आपल्याकडे विशेष म्हणजे पोटाच्या टीबीतही वाढतं, अगदी शेकड्यांत जातं. पोटात पाणी, ओव्हरीजवळ गोळा, सीए-१२५ वाढलेलं, आणि शेवटी निघाला टीबी, अशा केसेस भारतातल्या डॉक्टरांना चांगल्या ओळखीच्या आहेत. उलट बॉर्डरलाइन गाठ असून हा आकडा नॉर्मल असू शकतो. म्हणजे एकट्या त्या आकड्यावर काहीच ठरत नाही.

अजून एक गोष्ट. "सुई घालून पाणी काढून बघू" असं कुणी म्हणालं तर दोनदा विचारा. शंका असलेल्या ओव्हरीच्या गाठीत सुई घालत नाहीत, कारण आतला द्रव पोटात सांडू शकतो. गाठ शक्यतो अख्खी, न फोडता काढायची, दुर्बिणीनं काढली तर पोटातच पिशवीत घालून मग बाहेर. गाठ फुटली तर आजाराची स्टेज कागदावर बदलते, आणि पुढची चर्चाही.

म्हणजे खरं निदान होतं ते गाठ काढून पॅथॉलॉजिस्टकडे गेल्यावर. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा गोठवून वीस-तीस मिनिटांत प्राथमिक मत देतात, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. छोट्या ठिकाणी ही सोय सहसा नसते. जिथं असते तिथंही बॉर्डरलाइनच्या बाबतीत ते मत बऱ्याचदा पुढं बदलतं, खासकरून मोठ्या म्युसिनस गाठीत. कारण साधं आहे. वीस सेंटिमीटरच्या गाठीत एका कोपऱ्यात साधी गाठ, मध्ये बॉर्डरलाइन आणि कुठंतरी छोटासा खरा कॅन्सर, असं एकत्र असू शकतं. म्हणून पक्क्या रिपोर्टसाठी दर सेंटिमीटरला एक-दोन तुकडे तपासायचे असतात. याला आठ-दहा दिवस लागतात, कधी जास्त. त्या दिवसांत घाईनं दुसरं ऑपरेशन ठरवण्यात काही अर्थ नाही.

आमच्या श्रोतीच्या बाबतीत हेच झालं होतं. साधी गाठ समजून काढली, रिपोर्ट आला बॉर्डरलाइन. अशा वेळी पहिलं काम म्हणजे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत. ज्या लॅबनं तपासलं तिथून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्यायचे. ते पेशंटला मिळतात, मागायला लाजू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड पुन्हा तपासून देतात. जवळचं बघायचं तर छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज तर आपल्याच जिल्ह्यात, सुरुवातीचा सल्ला तिथं घेता येतो.

आता उपचार. मुख्य उपचार ऑपरेशनच. पण किती काढायचं हे वय, मूल हवं की नको, आणि आजार कुठवर आहे यावर ठरतं. मुलं झालेली, पाळी गेलेली किंवा जायला आलेली बाई असेल तर दोन्ही ओव्हऱ्या, नळ्या आणि बहुधा गर्भाशयही काढतात. तरुण बाई असेल आणि गाठ एका बाजूला असेल तर फक्त त्या बाजूची ओव्हरी आणि नळी. दोन्ही बाजूंना गाठी असतील तर जमेल तिथं नुसती गाठ सोलून निरोगी ओव्हरी ठेवतात. गर्भाशय ठेवतात. ही काही दया म्हणून दिलेली सूट नाही, जगभर मान्य असलेली पद्धत आहे. अशा ऑपरेशननंतर मूल हवं असणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या जणींना दिवस राहिल्याचं दिसलंय.

ऑपरेशनमध्ये पोटाच्या आतलं धुतलेलं पाणी, पोटातल्या चरबीचा पडदा म्हणजे ओमेंटम, आणि संशयास्पद दिसणाऱ्या जागांचे तुकडेही तपासायला घेतात. कारण सीरस गाठीत पेशींची छोटी बेटं पोटाच्या अस्तरावर बसलेली असू शकतात. रिपोर्टमध्ये त्यांना 'इम्प्लांट' म्हणतात. बॉर्डरलाइनच्या रिपोर्टमध्ये ही ओळ सगळ्यात आधी शोधा. इम्प्लांट 'नॉन-इन्व्हेसिव्ह' असतील तर काढून टाकले की बहुधा निभावतं. 'इन्व्हेसिव्ह' लिहिलं असेल तर तो आता कमी तीव्रतेचा खरा कॅन्सर धरला जातो आणि वाट वेगळी होते. लसीका गाठी सरसकट काढायची गरज नसते.

आणि केमोथेरपी? साध्या बॉर्डरलाइनला केमो देत नाहीत. या पेशी सावकाश वाढतात, केमोचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, फायदा दिसलेला नाही. रिपोर्ट बॉर्डरलाइन आणि इन्व्हेसिव्ह काहीच नाही, तरी कुणी केमो सुचवला, तर कारण विचारा आणि दुसरं मत घ्या.

पुढचं आयुष्य कसं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, पण डोक्यात पहिला असतो. बहुतेक बॉर्डरलाइन गाठी, चारपैकी तीन तरी, पहिल्या स्टेजमध्ये म्हणजे ओव्हरीपुरत्याच असताना सापडतात. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींनुसार पहिल्या स्टेजच्या शंभर बायकांपैकी ९७ जणी दहा वर्षांनीही या आजारातून वाचलेल्या होत्या. तिसऱ्या स्टेजमध्येसुद्धा ८८. ओव्हरीच्या नेहमीच्या कॅन्सरचं चित्र तिसऱ्या स्टेजला याच्या जवळपासही नसतं.

पण गाठ परत येऊ शकते, हे लपवून चालणार नाही. दोन्ही ओव्हऱ्या काढल्या तर शंभरात साधारण पाच जणींना, एक ठेवली तर दहा ते वीस जणींना, नुसती गाठ सोलली तर त्याहून जास्त. मग सासूबाईंचंच खरं की, असं वाटेल. तर नाही. परत आलेली गाठ बहुतेक वेळा पुन्हा बॉर्डरलाइनच असते, राहिलेल्या ओव्हरीत असते, आणि पुन्हा ऑपरेशन करून निघते. ओव्हरी ठेवल्यामुळे मरणाचा धोका वाढल्याचं पहिल्या स्टेजच्या बायकांत दिसत नाही. खऱ्या कॅन्सरमध्ये रूपांतर होतं ते शंभरात दोन-चार जणींत. धोका आहे, छोटा आहे, आणि त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. मूल झाल्यावर राहिलेली ओव्हरी काढावी का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. काही काढायला सांगतात, काही म्हणतात परत आली तरच बघू.

लक्ष ठेवायचं म्हणजे पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सोनोग्राफी, नंतर वर्षातून एकदा. दहा वर्षांनंतरही गाठ परत आल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे 'पाच वर्षं झाली, सुटलो' असं नसतं. लग्न न झालेल्या मुलींची सोनोग्राफी पोटावरून होते, लघवी भरून ठेवून. त्यासाठी कुणी टाळाटाळ करू नये आणि करू देऊ नये.

कागदांचंही बोलून घेऊ. बीडमध्ये खासगी दवाखान्यात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची, असा नियम त्या प्रकरणानंतर आला. २०२२ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. म्हणजे "परवानगी घेतली का, कारण काय लिहिलंय?" हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथं जा.

परत व्हॉइस नोटवाल्या मुलीकडे. तिच्या स्लाइड दुसरीकडे तपासल्या. निदान तेच राहिलं, सीरस बॉर्डरलाइन, एकाच बाजूला, गाठ न फुटता काढलेली. कॅन्सर सर्जन बाईंनी सीटी स्कॅन बघून सांगितलं की आत्ता आणखी काही काढायचं नाही, दुसरी ओव्हरी आणि पिशवी जागेवर राहू दे, तपासणीला मात्र यायचं. सासूबाई सोबत गेल्या होत्या. त्यांनी तिथं विचारलं म्हणे, "मग माझी कशाला काढली होती?" त्याचं उत्तर त्या बाईंकडे नव्हतं. कागदच नाही तर काय सांगणार?

खरी अडचण पुढं आहे. दसऱ्यानंतर टोळी निघते ती थेट मार्च-एप्रिलला पट्टा पडल्यावर परत येते. तीन-तीन महिन्यांची तपासणी या वेळापत्रकात बसत नाही. म्हणून तिनं आणि मी मिळून एवढं केलंय. ऑपरेशनची नोट, पॅथॉलॉजीचे दोन्ही रिपोर्ट आणि सोनोग्राफी यांचे फोटो काढून एकाच पीडीएफमध्ये, तिच्या आणि नवऱ्याच्या दोघांच्या फोनमध्ये. पहिली तपासणी निघायच्या आधी. मधली जानेवारीत, कारखान्याजवळच्या तालुक्याच्या गावात सोनोग्राफी करून रिपोर्ट डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलंय. तिसरी गावी परतल्यावर. जानेवारीतल्या त्या एका दिवसाचा खाडा लागणार, तो नवऱ्यानं मुकादमाशी आत्ताच बोलून घेतलाय. उचल घेण्याआधी.